काम कुणाकडे?

"हे तेवढं लावून द्या, आणि मग खुशाल जा," मोठ्या बाई दारातूनच म्हणाल्या.

त्या कधी आत येत नसत. तळघरातल्या त्या खोलीत यंत्रांसाठी बारा महिने गारठा ठेवलेला असे, आणि अख्ख्या इस्पितळाचा कारभार पाहणाऱ्या मोठ्या बाईंना थंडी मात्र सोसत नसे. शालीचं टोक नाकाशी धरून त्या उंबऱ्यावर उभ्या राहत आणि सांगायचं ते सांगून वर जात.

"तेवढं म्हणजे केवढं, मॅडम?" त्यानं विचारलं.

"अहो, कामांची यादी. संगणकावरची. ज्याला काम सांगायचंय त्यानं आपल्या जागेवरून लिहायचं, ज्याचं असेल त्यानं करायचं, झालं की खूण करायची. फोन नको, चिठ्ठ्या नकोत. माझ्या भाचीच्या ऑफिसात आहे तशी."

"असते. लावता येईल."

"मग लावा. तुम्ही गेल्यावर आम्ही काय हातावर हात ठेवून बसायचं?"

तुम्ही गेल्यावर. तो खुर्चीतून अर्धवट उठला. आजवर बाई "तुम्ही गेलात तर" म्हणायच्या, आणि तेही अशा आवाजात, जसं कुणी "उद्या छत कोसळलं तर" म्हणेल.

बाई गेल्यावर तो परत बसला आणि समोरच्या यंत्रांकडे बघून हसला.

इस्पितळात सगळे त्यालाच तळघर म्हणत. "तळघराला फोन लाव." "तळघर जेवायला गेलंय." "तळघर म्हणालं, दुपारी बघतो." केस पिकायला लागले तेव्हा एका नव्या नर्सनं त्याला तळघरकाका म्हणायचा प्रयत्न केला होता, पण ते काही रुजलं नाही. तो इस्पितळाचे सर्व्हर सांभाळत असे. सर्व्हर म्हणजे काही जादूची पेटी नव्हे. आपल्या टेबलावर असतो तसाच तो संगणक. फरक इतकाच, की त्याच्यासमोर कुणी बसत नाही आणि त्याला कधी बंद करत नाहीत. बाकीचे संगणक त्याला दिवसभर काहीबाही विचारत असतात आणि तो न कंटाळता उत्तरं देत असतो. वर एखाद्या डॉक्टरनं रुग्णाचा क्रमांक टाकला की खाली एक हिरवा दिवा लुकलुके.

खोलीला खिडकी नव्हती. एका भिंतीपलीकडे लाँड्री होती. तिथल्या कपडे वाळवणाऱ्या मोठ्या यंत्रांमुळे ती भिंत कायम कोमट असे, आणि उरलेल्या तीन गार. थंडी फार वाजली की तो त्या भिंतीला पाठ लावून बसे. लाँड्री चालवणाऱ्या मावशीचा आणि त्याचा एक ठराव होता. मावशीनं भिंतीवर दोन थापा मारल्या की चहा तयार. त्यानं उलट दोन मारल्या की येतो, एक मारली की आत्ता जमत नाही.

बायको दुसऱ्या गावी होती. तिला तिथल्या शाळेत मुख्याध्यापिका म्हणून बोलावलं, तेव्हा ती पुढे गेली आणि तो मागाहून जाणार होता. त्या गावात याच संस्थेचं एक छोटं इस्पितळ होतं. तिथं त्याची बदली मंजूर होऊनही बराच काळ लोटला होता. फक्त मोठ्या बाईंनी त्याला मोकळं करायचं बाकी होतं. बायकोनं घेतलेल्या घरात दोन खोल्या होत्या. त्यातली खिडकीची खोली तिनं त्याच्या टेबलासाठी ठेवली होती, कारण त्याला जुने रेडिओ उघडून बसायचा नाद होता आणि आजवर तो नाद त्यानं नेहमी पलंगाखालीच ठेवला होता.

"पुढच्या महिन्यात येतो," तो फोनवर म्हणे.

"कुठल्या वर्षीच्या?" ती विचारी.

पण त्या दिवशी त्यानं आपण होऊन दुपारी फोन केला. "अगं, बाईंनी सांगितलं. एक शेवटचं काम लावून दिलं की मोकळा."

पलीकडे शाळेची मधली सुट्टी चालली होती. त्या गलक्यात ती काय म्हणाली ते त्याला नीट कळलं नाही, पण ती हसली हे कळलं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बाह्या सरसावून बसला. आधी सर्व्हरवर जागा मोकळी केली. मग डेटाबेस तयार केला, म्हणजे कप्प्याकप्प्यांचं एक कपाट, कुठलं काम कुठल्या कप्प्यात आहे ते लक्षात ठेवणारं. त्याला कुलूप लावलं. मग यादीचा प्रोग्राम उतरवून घेतला, उलगडला, आणि त्याच्या फाइलीत एकेक गोष्ट भरली. इस्पितळाच्या आतल्या आत उघडेल असा पत्ता, कपाटाचं नाव, कुलपाचा पासवर्ड, निरोप कुठून पाठवायचे ते. सगळं भरून झाल्यावर त्यानं स्क्रीनवर पत्ता टाकला.

पान कोरं करकरीत आलं.

भिंतीवर दोन थापा पडल्या. त्यानं एक मारली. थोड्या वेळानं मावशी स्वतःच दोन कप घेऊन दारात उभी.

"आज एवढं काय अडलंय? लग्न लावतोयस का कुणाचं?"

"या मावशी. हे बघा, सगळं बरोबर भरलंय आणि पान पांढरं."

"माझ्याकडे पांढरं आलं तर मी खूश होते," मावशी म्हणाली आणि स्टुलावर बसली.

त्यानं चहाचा घोट घेतला, पुन्हा एकदा सगळं तपासलं आणि कपाळावर हात मारला. "अहो, याला याच्याच फोल्डरमध्ये लिहायची परवानगी नाही दिलेली! म्हणून गप्प बसलंय बिचारं."

"स्वतःच्याच घरात परवानगी नाही? माझं लग्न झालं तेव्हा माझं असंच होतं."

परवानगी दिल्यावर पान उघडलं. मावशीच्या हातून पहिलं काम लिहून घेतलं: वाळवणीच्या यंत्राचं दार नीट बसत नाही. लिहिल्या क्षणी ते तांबडं झालं आणि शेजारी शब्द आले, उशीर झाला आहे.

"आत्ता तर लिहिलं!" मावशी म्हणाली.

सर्व्हरचं घड्याळ कुठल्यातरी लांबच्या देशाची वेळ दाखवत होतं. त्यानं ते दुरुस्त केलं.

"राहू द्यायचं होतंस," मावशी म्हणाली. "आपल्या इस्पितळाला ते शोभत होतं."

मग कामं कुठल्या क्रमानं दिसावीत ते ठरवायचं होतं. त्यानं 'जुनं आधी' निवडलं. जे आधी आलं ते वर, नंतर आलेलं त्याच्या खाली. पुढे घुसायची सोय त्यानं कुणालाच ठेवली नाही, मोठ्या बाईंनासुद्धा. रांगेत असंच असायला हवं, असं त्याचं मत होतं.

शेवटी एक प्रश्न उरला. काम लिहायच्या पानावर एक चौकट होती: काम कुणाकडे? तिथं लिहिणाऱ्यानं विभागाचं नाव टाकायचं. पण टाकलंच नाही तर? प्रोग्राम विचारत होता, नाव नसलेलं काम कुणाला द्यावं? हीही जागा रिकामी सोडता येत होती. मग ते काम यादीत नुसतं पडून राहिलं असतं.

त्याचा हात थांबला. मागे वरच्या एका वॉर्डात खाटेजवळची घंटा बंद पडली होती. नर्सनं वायरमनला सांगितलं. वायरमन म्हणाला, ही वायर टेलिफोनवाल्यांची. टेलिफोनवाले म्हणाले, बटण खाटेला बसवलंय, सुताराला सांगा. सुतार हसला. कुणीतरी चुकून तळघरात फोन केला म्हणून तो वर गेला, तर खाटेवरचे आजोबा बटण दाबतच होते. त्यांना काही फार दुखत वगैरे नव्हतं, पाणी हवं होतं. त्याला पाहून तेच ओशाळले. "मी दाबत होतो हो अधूनमधून," ते म्हणाले. "मला वाटलं, तुम्ही सगळे कामात असाल."

त्यानं त्या रिकाम्या जागेत स्वतःचं खातं टाकलं. तळघर.

"हे कशाला?" मावशीनं विचारलं.

"तात्पुरतं. जाताना बदलीन."

*

पहिले काही दिवस लोक बिचकत होते. मग नेत्रविभागातल्या एका मदतनीस बाईनं घाईघाईत काम लिहिलं आणि चौकट भरायची विसरली. दिवा बदलायचा होता. तळघरानं वायरमनला फोन केला, वायरमन जेवायला गेला होता, म्हणून तोच शिडी घेऊन गेला आणि दिवा बदलून आला. मदतनीस बाईनं ही गोष्ट सगळ्यांना सांगितली. चौकट रिकामी सोडायची, काम पटकन होतं.

बातमी जिन्यानं वर गेली आणि लिफ्टनं खाली आली. आठवडा संपायच्या आत चौकट भरणारं इस्पितळात कुणी उरलं नाही.

दुसऱ्या वॉर्डात खाटेचं चाक रडतंय. काम कुणाकडे? कोरं. औषधांच्या खिडकीपाशी रांग वाकडी होते. कोरं. क्ष-किरण विभागाच्या दारावरचा बाण उलट्या बाजूला आहे. कोरं. जिन्याखाली मांजर व्यालीय. कोरं.

"मांजरीचं मी काय करू?" त्यानं फोनवर विचारलं.

"ते तुम्ही बघा," पलीकडून उत्तर आलं. "आम्ही यादीत टाकलंय."

तो सकाळी खाली उतरे तेव्हा स्क्रीनवर कामं वाट बघत बसलेली असत. जी दुसऱ्यांची होती ती तो ज्याच्या त्याच्या नावावर टाके. ज्याच्या नावावर टाकलं तो फोन करी. "अहो, हे आमच्याकडे कसं आलं? चूक झाली वाटतं." आणि काम परत येई. वाद घालण्यापेक्षा करून टाकणं सोपं पडे. चाकाला तेल त्यानंच घातलं. बाण त्यानंच फिरवला. मांजरीला एक खोकं मिळालं आणि लाँड्रीत उबेची जागा मिळाली.

मोठ्या बाईंच्या स्क्रीनवर एक पट्टी असे. झालेली कामं हिरवी, राहिलेली तांबडी. त्यांनी त्याला वर बोलावलं. बाईंच्या खोलीत ऊन होतं. दिवसभरात ऊन पाहिलं की त्याला डोळे किलकिले करावे लागत.

"बघा, बघा!" त्या म्हणाल्या. "इतकं हिरवं मी या इस्पितळात लॉनवरसुद्धा पाहिलं नाही."

"मग मॅडम, माझं ते..."

"हो हो. माझ्या लक्षात आहे. आता असं करा, एक आठवडा एकही तांबडं दिसू देऊ नका. म्हणजे व्यवस्था बसली असं मी संस्थेला कळवते, आणि तुम्हाला सोडते. शब्द देते."

बाई खोटं बोलणाऱ्या नव्हत्या. तो जिना उतरून खाली आला आणि त्यानं बायकोला फोन केला.

"एक आठवडा," तो म्हणाला.

"बरं," ती म्हणाली. ह्या वेळी मागे कसलाच गलका नव्हता.

त्या आठवड्यात तो कसा वागला ते लाँड्रीच्या भिंतीनं पाहिलं. दोन थापांना दर वेळी एकच थाप परत जाई. डबा तो उभ्यानं खाई. कुणी काम लिहिलं की स्क्रीनवर टुण असा आवाज होई. तो आवाज पुढे पुढे त्याला पाण्याच्या नळातूनही ऐकू यायला लागला. पण आठवडा संपला तेव्हा पट्टी हिरवीगार होती. दाढी करून, स्वच्छ शर्ट घालून तो वर गेला.

मोठ्या बाईंनी पट्टी पाहिली. मग त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"एक विचारू? यातलं किती तुम्ही केलंत?"

तो शर्टाची बाही सारखी करू लागला.

"मी काय आंधळी आहे का? काल शिडीवर कोण होतं, परवा गटाराची जाळी कोण उचलत होतं, मला दिसतं हो वरून. आता तुम्हीच सांगा, मी तुम्हाला सोडू कशी? उद्या सकाळी हे सगळं तांबडं होईल."

"पण मॅडम, शब्द..."

"शब्द दिला होता. व्यवस्था बसली तर, असा दिला होता. ही व्यवस्था कुठंय? हे तुम्ही आहात." त्यांचा आवाज उतरला. "माझ्याकडे दुसरा माणूस नाही. मागितला तर वरून म्हणतात, तुमच्याकडे सगळं हिरवं आहे, माणूस कशाला? मलासुद्धा कुणी सोडत नाहीये, अहो. एखादा माणूस तयार करा. तुमच्या जागी बसेल असा. त्याच दिवशी जा."

त्याला बाईंचा राग यायला हवा होता. पण त्यांचे डोळे तांबारलेले दिसले आणि मग रागाला जागा मिळाली नाही.

एक दिवस त्यानं नाव नसलेल्या कामांची ती जागा बदलून मोठ्या बाईंच्या कचेरीचं नाव टाकून पाहिलं. दुपारपर्यंत बाईंकडे बावीस जणांच्या तक्रारी आणि एक मेलेला उंदीर जमा झाला. त्यांचा फोन आला. "हे माझ्याकडे का येतंय?" त्यानं पुन्हा आपलं नाव टाकलं. मग एका सकाळी ती जागा रिकामीच ठेवली. कामं आली आणि नुसती पडून राहिली. तो खुर्चीवर हात बांधून बसला. त्या दिवशी तिसऱ्या मजल्यावर कुणाच्या तरी खाटेजवळची घंटा बिघडली. यादीत ओळ आली, तांबडी झाली. कुणीच तिला हात लावला नाही. त्यानं जेमतेम चहा होईपर्यंत धीर धरला आणि पेचकस घेऊन जिना चढला.

*

माणूस तयार करायचा म्हणून त्यानं आधी वायरमनला विचारलं.

"मी?" वायरमन म्हणाला. "माझी पाठ."

"बसून करायचं काम आहे."

"बसूनच तर दुखते."

औषधवाल्याला डोळ्यांचा त्रास निघाला. टेलिफोनवाल्यानं तर ऐकून घेतलं, मान डोलावली आणि म्हणाला, "हे तुम्ही यादीत टाका ना. चौकट रिकामी ठेवा."

शेवटी मावशीच म्हणाली, "मला शिकव."

"तुम्हाला?"

"का? मला हात नाहीत? दिवसभर चादरी मोजते, दोन ओळी वाचता येणार नाहीत का मला?"

म्हणून दुपारी, वाळवणीची यंत्रं फिरत असताना, तो तिला शिकवायला लागला. मावशीला माउस जमायचा नाही. तो टेबलाच्या कडेला जाऊन अडे आणि ती तसाच तो हवेत धरून पुढे नेई. त्यानं तो उचलून मागे आणायला शिकवलं. "इस्त्री असते ना, तशीच. जागा संपली की उचलायची, परत आणायची." ते तिला एकदम जमलं. एकाच दिवशी सगळं सांगायचं नाही, असं त्यानं ठरवलं होतं. आज फक्त काम वाचायचं. उद्या फक्त कुणाकडे द्यायचं ते. परवा खूण करायची. चुकलं की तो काही बोलत नसे, नुसता थांबे, आणि तिचं तिलाच कळे.

"मास्तर व्हायला हवं होतंस," ती म्हणाली.

"घरात एक आहे तेवढं पुरे."

काही दिवसांनी मावशी सरावली. चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेऊन ती वायरमनला फोनवर सांगायला लागली, "पाठ दुखतेय ना? मग शिडीवर चढ, ताणली जाईल." वायरमन चढलासुद्धा. तळघराला हे कधीच जमलं नव्हतं.

मग तो दिवस आला. दोघं शेजारी बसली. त्यानं मावशीच्या खात्याला सगळे अधिकार दिले. याआधी एकदा त्यानं स्वतःचं खातं काढायचा प्रयत्न केला होता, तेव्हा प्रोग्रामनं सांगितलं होतं, शेवटचा व्यवस्थापक काढता येत नाही. आता तो शेवटचा नव्हता. त्यानं स्वतःच्या खात्यावर जाऊन 'काढून टाका' दाबलं.

प्रोग्रामनं विचारलं: या व्यक्तीकडे पूर्ण न झालेली कामं आहेत. ती कुणाला द्यायची?

खाली फक्त उरलेल्या व्यवस्थापकाचं नाव होतं. मावशीचं.

त्यानं यादी खाली सरकवली. ती सरकतच राहिली. शिकवण्यात गेलेल्या दुपारच्या वेळात कामं साठली होती. त्यातली बरीच शिडीची होती, काही ओझी उचलण्याची, एक पाण्याच्या टाकीवर चढण्याचं. मावशी गुडघ्यांवर हात ठेवून बसली होती. जिना चढताना ती प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवी, हे त्याला ठाऊक होतं. आणि तिला असं सांगायला कुणी नव्हतं, की मावशी, हे तुमचं काम नाही. सांगितलं असतं तरी तिनं ऐकलं नसतं. तीही उठून गेली असती.

"दाब ना," मावशी म्हणाली.

"एवढं आहे ते आधी उरकतो. मग देतो."

"उरकणार कधी? वरून पडतंच आहे."

"थोडं कमी होऊ दे."

"मी सांगते वायरमनला. सगळ्यांना कामाला लावते. दे तू."

त्यानं 'रद्द करा' दाबलं.

मावशीनं चष्मा काढला, पदरात पुसावा तसा अंगावरच्या झग्याला पुसला आणि उठली. "मला वाटत होतं, हे लोक तुला सोडत नाहीत," ती म्हणाली. "फुकट शिकले मी."

"मावशी, तसं नाही हो..."

"माझ्या चादरी राहिल्यात." ती गेली. त्या दिवशी भिंतीवर थाप पडली नाही.

*

बायकोचा फोन दुसऱ्या दिवशी सकाळीच आला. ती शाळेत निघाली असावी. चालताना बोलत होती, मधूनच श्वास घेत होती.

"अहो, एक सांगायचं होतं. ती खिडकीची खोली आहे ना, ती दिली मी. आमच्या शाळेत एक नवीन बाई आल्यात, त्यांना जागा मिळत नव्हती."

"माझं टेबल..."

"टेबल आलंच नाही ना." ती रागानं बोलत नव्हती. वर्गात एखाद्या मुलाला गणित कुठं चुकलं ते दाखवावं तसं बोलत होती. "नुसती बंद होती खोली. झाडायची, परत बंद करायची. मला रोज वाटायचं, कुणीतरी येणार म्हणून झाडतेय. आता त्या बाई असतात. सकाळी खिडकी उघडतात. बरं वाटतं."

"मावशी तयार झाल्यात आता. थोडंसंच..."

"असू दे हो. मी मागे लागणार नाही. जेवताय ना वेळेवर?"

"हो."

"मग झालं. शाळा आली. ठेवते."

फोन ठेवल्यावर तो कोमट भिंतीला पाठ लावून उभा राहिला. पलीकडे यंत्र फिरत होतं. समोर दिवे लुकलुकत होते. टुण झालं, थोड्या वेळानं पुन्हा टुण.

तो स्क्रीनसमोर बसला. नवीन काम लिहायचं पान उघडलं. इतक्या दिवसांत त्यानं स्वतः त्यात एकही काम लिहिलं नव्हतं. बराच वेळ बोटं अक्षरांवर ठेवून तो बसला, आणि मग त्यानं लिहिलं: तळघराला इथून जायचं आहे.

काम कुणाकडे? ती चौकट त्यानं सगळे सोडत तशीच रिकामी सोडली.

टुण.

त्याच्याच स्क्रीनवर निरोप आला. तुमच्याकडे एक नवीन काम आलं आहे. त्यानं यादी उघडली. वर दिसेना. त्यानं खाली सरकवली, आणखी खाली, आणखी खाली. ते अगदी तळाशी होतं. जुनं आधी. त्यानंच तसं लावलं होतं.

एकदा माउसचा बाण त्यानं त्या ओळीवर नेला. ओढून वर आणायची सोय नव्हती. त्यानं यादी पुन्हा वर नेली आणि पहिलं काम वाचलं. मुलांच्या वॉर्डातली खिडकी उघडत नाही.

पेचकस, तेलाची बाटली आणि एक फडकं घेऊन तो निघाला. लाँड्रीच्या दारावरून जाताना त्यानं आत बघितलं. मावशी पाठमोरी चादरीची घडी घालत होती. तिनं वळून पाहिलं नाही. त्यानं जाता जाता भिंतीवर दोन थापा मारल्या आणि थोडा थांबला. मग जिना चढला.

मुलांच्या वॉर्डात हवा कोंडली होती. खिडकी रंगानं चिकटली होती. कुणीतरी चौकटीसकट रंगवून टाकली होती. तो कडेनं पेचकसाचं टोक फिरवत गेला, बिजागऱ्यांत तेल सोडलं, फडक्यानं पुसलं. जवळच्या खाटेवर पायाला प्लास्टर घातलेली एक लहान मुलगी उशीला टेकून हे सगळं बघत होती.

"तुम्ही कोण?" तिनं विचारलं.

"मी तळघर."

तिनं त्याला नीट न्याहाळलं. "तळघर असं वर येतं?"

"कधी कधी येतं."

"आणि परत खाली जातं?"

"जावं लागतं. नाहीतर इस्पितळ कशावर उभं राहणार?"

ती खुदकन हसली. त्यानं तळवा लावून जोर दिला. खिडकी करकरली आणि उघडली. वारा आत आला. शेजारच्या खाटेवरचा कागद उडाला, दोनतीन मुलांनी माना वळवल्या. बाहेर इस्पितळाचं फाटक दिसत होतं, फाटकापलीकडे रस्ता, रस्त्यावर जाणारी माणसं. काम झालं होतं. तरी तो हात चौकटीवर ठेवून जरा वेळ तसाच उभा राहिला.

"काका," मुलगी म्हणाली, "आणि गार वाटलं तर? हिला बंद कोण करणार?"

त्यानं नर्सकडे पाहिलं. नर्सनं मदतनीस बाईकडे पाहिलं. मदतनीस बाईनं हातातल्या चादरीकडे पाहिलं.

"मी येईन की संध्याकाळी," तो म्हणाला.